मायक्रोवेव्हचे चार बिघाड

३ मार्च, सोमवार

मायक्रोवेव्ह बंद पडला. खरं तर बंद पडला असंही म्हणता येत नाही. आतला दिवा लागतो, काचेची थाळी फिरते, पंखा घूं घूं करतो, वेळ संपली की तीनदा वाजतो. फक्त दूध गार राहतं. आमच्या छापखान्यात अशी तीन माणसं आहेत.

ताईचं म्हणणं, गॅसवर तापवू, एवढं काय. मी म्हटलं, वस्तू का बिघडली हे कळल्याशिवाय ती टाकू नये. आमच्या गल्लीच्या टोकाला एक दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या मेकॅनिकला बोलावू. पण हे लोक एकदा शिरले की पुन्हा पुन्हा येतात, तेव्हा कोणत्या दिवशी काय बिघडलं आणि काय केलं याची लेखी नोंद असलेली बरी. ही वही त्यासाठी. मी प्रूफरीडर आहे, चूक दिसली की समासात लिहून ठेवायची सवय आहे.

घरात आम्ही दोघंच. ताई छप्पन्न वर्षांची, मी त्रेपन्न. ती घरी बसून पडदे शिवते. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. माझं लग्न जमलं नाही, ताईचं राहून गेलं.

६ मार्च, गुरुवार

मेकॅनिक आले. साठीला टेकलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बोलणं कमी. आल्यावर पहिल्यांदा प्लग काढला आणि वायर ओट्यावर अशी ठेवली की प्लग सतत डोळ्यांसमोर राहील. मग आम्हाला दोघांना दोन पावलं मागे जायला सांगितलं.

म्हणाले, यात कपॅसिटर नावाचा एक डबा असतो. प्लग काढला तरी वीज त्यात मुक्काम करून असते. कधी मिनिटभर, कधी बराच वेळ. बोट लागलं तर माणूस दुसऱ्यांदा चूक करायला उरत नाही. त्यांनी लांब लाकडी मुठीच्या हत्याराने ती वीज आधी उतरवली, मग मीटर काढला. दाराचे तीन स्विच तपासले. मीटर वाजला, म्हणजे ठीक. फ्यूज ठीक. ट्रान्सफॉर्मर ठीक. मॅग्नेट्रॉन म्हणून एक खोकं असतं, खरी उष्णता तेच करतं, तेही ठीक. शेवटी डायोड. हा म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. तो साध्या मीटरने कळत नाही, मध्ये नऊ व्होल्टची बॅटरी जोडावी लागते. एका बाजूने आकडा आला नाही. ताई म्हणाली, उलट्या बाजूने बघा ना. त्यांनी बघितलं. तिकडूनही नाही.

“दोन्हीकडून बंद झालाय,” ते म्हणाले.

“असं होतं?” ताईने विचारलं.

“वापर नसला की नाही होत. वर्षानुवर्षं एकट्यावरच ताण आला की होतं.”

यानंतर दोघंही काही वेळ डायोडकडे बघत होते. ताईला यंत्रांत गोडी आहे हे मला ठाऊक नव्हतं. एरवी बल्ब गेला तरी मला हाक मारते.

८ मार्च, शनिवार

नवा डायोड बसवला. कपभर पाणी एक मिनिट ठेवून बघितलं, चांगलं तापलं. काम वीस मिनिटांचं. त्यानंतर चहा पाऊण तास.

निघताना त्यांनी ताईचं शिवणकाम बघितलं आणि दुकानासाठी चार पडदे सांगितले. मी ते दुकान बघितलं आहे. त्याला खिडकी एकच आहे. धूळ फार येत असेल.

बिघाड पहिला: डायोड. सुटला.

१७ मार्च, सोमवार

बिघाड दुसरा. आता कोणतंही बटण दाबलं तरी काही होत नाही. नऊ दिवसांत दुसरा बिघाड म्हणजे पहिलं काम कच्चं झालं असणार. मी तसं ताईला म्हणालो. ती म्हणाली, बिचाऱ्यांचा काय दोष, आणि फोन करायला गेली. नंबर तिला पाठ होता.

त्यांनी दीड तास घेतला. मी मध्ये एक प्रकरण तपासून आलो तरी ते बटणांच्या पट्टीसमोर स्टुलावर बसलेलेच होते आणि ताई त्यांना आमच्या आईच्या आजारपणाबद्दल सांगत होती. अकरा वर्षं आई अंथरुणाला खिळून होती. याबद्दल ताई कधी बोलत नाही. माझ्याशी तर नाहीच, पण मी तेव्हा घरात होतोच, मला काय सांगायचं.

शेवटी बिघाड सापडला. लहान मुलांनी चालू करू नये म्हणून बटणांना कुलूप लावायची सोय असते, ते लागलं होतं. एक बटण तीन सेकंद दाबून धरलं की लागतं, तसंच धरलं की निघतं. ताई म्हणाली, पुसताना लागलं असेल. मेकॅनिक म्हणाले, लागतं असं कधी कधी. ताई फार जोर लावून पुसते.

अनुभवी माणसाला एवढ्याशा गोष्टीला दीड तास लागावा, याची इथे नोंद करून ठेवतो.

२० मार्च, गुरुवार

ताई सकाळपासून हूं हूं करत होती. दाढ दुखते का, म्हणून विचारलं. म्हणाली, गाणं म्हणतेय.

२५ मार्च, मंगळवार

बिघाड तिसरा. थाळी फिरत नाही. मेकॅनिकांनी खालचा पत्रा काढून थाळीची मोटर तपासली. मोटर ठणठणीत. मग लक्षात आलं की मोटरच्या दांड्यावर बसतं ते प्लॅस्टिकचं तिकोनी चाकच जागेवर नाही. ते म्हणाले, शोधून आणतो, एखाद-दोन फेऱ्या होतील.

मी छापखान्यात आयुष्यभर हरवलेले काने आणि मात्रा शोधत आलोय. दहा मिनिटांत चाक शोधून काढलं. ताईच्या शिवणाच्या डब्यात, बॉबिनांमध्ये होतं. ताई म्हणाली, बॉबिनसारखंच दिसतं की, चुकून टाकलं असेन. हे पटण्यासारखं आहे. मी चाक मेकॅनिकांच्या हातात दिलं तेव्हा ते म्हणाले, साहेब, तुमची नजर फार तीक्ष्ण आहे. कौतुक होतं, पण चेहरा पडल्यासारखा वाटला. माणसाला आपल्या धंद्यात दुसऱ्याने सरशी केलेली आवडत नाही.

आणखी एक. मी बाहेर बसलो असताना ताईने स्वयंपाकघरात त्यांना विचारलं, “अहो साखर किती?” आता अहो आपण कंडक्टरलाही म्हणतो, पोस्टमनलाही म्हणतो. पण ते अहो निराळं असतं, त्याच्यापुढे स्वल्पविराम असतो. ताईच्या बोलण्यात तो नव्हता. घाईत असेल.

३० मार्च, रविवार

बिघाड चौथा. आता दिवाही नाही, पंखाही नाही. ताई म्हणाली, त्यांना फोन करते. मी म्हटलं, थांब.

एका महिन्यात एकाच माणसाच्या हाताखाली एक यंत्र चार वेळा बिघडतं. लेखकाने एकाच पानावर चारदा तीच चूक केली तर मी लेखक बदला म्हणून सांगतो. ते मी ताईला बोलून दाखवलं. ती एकदम उठून बाल्कनीत गेली. वाळलेले कपडे काढायचे होते म्हणाली, पण हातात काही न घेता परत आली.

मी ठरवलंय. आपणच उघडायचं. तीनही वेळा मी बाजूला उभा राहून बघितलंय, शिवाय वहीत लिहिलंय. छापखान्याच्या वायरमनकडून मीटर मागून आणतो. मंगळवारी ताई अस्तराचं कापड आणायला जाणार आहे.

१ एप्रिल, मंगळवार

सगळं क्रमाने लिहितो.

ताई साडेदहाला गेली. मी आधी सुरक्षेचं बघितलं. प्लग काढायला ओट्यामागे हात घातला, तर तो आधीच काढून ठेवलेला होता. ताईने एवढी काळजी घेतलेली बघून बरं वाटलं. इतके दिवस बघून तीही शिकली म्हणायची.

मागचे सात स्क्रू काढले, वरचा पत्रा सरकवला. फ्यूज तपासला, मीटर वाजला. दाराचे स्विच दार उघडून आणि लावून तपासले, ठीक. कपॅसिटरच्या टोकावर एक वायर घट्ट बसली होती, ती नखाने उचकटून काढली. ठीक. डायोडला बॅटरी जोडून दोन्ही बाजूंनी बघितलं. एका बाजूने चालू, दुसऱ्या बाजूने बंद, म्हणजे असायला हवा तसा. मॅग्नेट्रॉन ठीक. मोटर ठीक. वायरी ओढून बघितल्या, एकही सैल नाही. सगळे भाग निर्दोष आणि यंत्र मात्र चालत नाही. अशी अवस्था मी पुस्तकाची बघितली आहे, प्रत्येक वाक्य शुद्ध आणि पुस्तक मेलेलं.

थोडी धूळ होती, ती ब्रशने झाडली. सगळं परत लावलं, प्लग घातला. दिवा लागला. दूध ठेवलं, तापलं. धूळच होती.

मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी दुरुस्त केलं होतं. ताई बाराला आली तेव्हा तिच्यासमोर गरम दुधाचा पेला ठेवला आणि म्हटलं, आता त्या मेकॅनिकला बोलवायची गरज नाही. पुन्हा कधीच नाही. तिने पेल्याकडे बघितलं, मग ओट्यावरच्या मीटरकडे.

“तू पत्रा काढलास?”

“सातही स्क्रू.”

“तो डबा? त्याला हात लावलास?”

मी म्हटलं, लावल्याशिवाय कसा तपासणार. तिच्या हातातली अस्तराची पिशवी खाली पडली. तिने तिथेच उभ्याने फोन केला आणि एवढंच म्हणाली, याने कपॅसिटर उघड्या हाताने धरला होता, तुम्ही या.

दहा मिनिटांत ते आले. पायात दोन वेगवेगळ्या चपला, हत्यारांची पेटी नाही. आल्या आल्या माझे दोन्ही हात धरून उलटसुलट करून बघितले. मग विचारलं, “आधी उतरवली होतीत का?”

“काय?”

“वीज.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वहीत लिहिलेलं होतं. ६ मार्चच्या पानावर, स्वच्छ अक्षरात. मी ते पान वाचून गेलो होतो आणि नेमकी तीच ओळ डोळ्यांखालून निसटली. प्रूफरीडरचं असंच होतं, ओळखीच्या मजकुरात चूक दिसत नाही.

मेकॅनिक म्हणाले, प्लग बराच वेळ निघालेला असणार म्हणून तुम्ही बसलेले आहात. आणि ते स्वतः मटकन खाली बसले, स्टूल सोडून जमिनीवर. मी त्यांना धीर द्यायला म्हटलं, पण बिघाड मला सापडला, धूळ होती.

“धूळ नव्हती,” ताई म्हणाली. “प्लग मी काढला होता.”

“हो, बघितलं ना मी. सुरक्षेसाठी.”

“नाही रे छोट्या.” छोट्या म्हणून तिने मला किती तरी वर्षांनी हाक मारली. “यांनी यावं म्हणून. बटणांचं कुलूप मी लावलं. चाक मी काढलं. डायोड तेवढा खरा होता.”

मेकॅनिक म्हणाले, त्यांनी कुलूप आल्याबरोबर ओळखलं होतं. दीड तास ते नुसतेच बसले होते. बाईंनी मुद्दाम लावलं असेल असं मनात आलं, पण तेव्हा विचारायची हिंमत झाली नाही, चुकीचं निघालं तर येणंच बंद व्हायचं. त्यांची बायको जाऊन सात वर्षं झाली. हे सगळं त्यांनी फरशीकडे बघत सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “आज तुम्हाला काही झालं असतं तर आम्हा दोघांना तोंड दाखवायला जागा नव्हती, साहेब. म्हणून आता लपवत नाही.”

चाक सापडलं त्या दिवशीच ठरलं, ताई म्हणाली, आम्ही लग्न करतोय.

मी बरं म्हणालो. मग त्यांना विचारलं, दूध घेणार का, गरम आहे.

२ एप्रिल, बुधवार

कामावर गेलो नाही. आधीची पानं वाचून काढली. एखादी भयंकर चूक छापून बाहेर पडल्यावर ती पानावर केवढी ढळढळीत दिसते, तसं झालं. गाणं म्हणत होती. चार पडदे. आख्ख्या छापखान्यात हसं होईल.

ताई गेल्यावर मी काय खाणार हा विचार आधी आला. ती सुखी राहील हा नंतर आला. ज्या क्रमाने आले त्या क्रमाने लिहिले आहेत.

एक दुरुस्तीही करायची आहे. पहिल्या पानावर मी लिहिलंय, ताईचं राहून गेलं. ते बरोबर नाही. बावीस वर्षांपूर्वी ती शिवणकामाच्या शाळेत शिकवायची. तिथल्या एका शिक्षकाचं मला पत्र आलं होतं. घरात पुरुषमाणूस मी एकटा, म्हणून मला. तुमच्या ताईंना मागणी घालायची आहे, आपली परवानगी असावी. आई नुकतीच अंथरुणाला लागली होती. मी उत्तर पाठवलं की ताईचा लग्नाचा विचार नाही. ताईला विचारलं नाही. सांगितलंही नाही. पत्र फाडून टाकलं. आईसाठी केलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, आणि त्यात निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं म्हणजे मला स्वयंपाक येत नव्हता.

६ एप्रिल, रविवार

आज सांगितलं. ती पडद्याला चुण्या घालत होती. समोर बसून बोलता येईना, म्हणून मी खिडकीशी उभा राहिलो आणि पाठ करून बोललो. सगळं सांगितलं, स्वयंपाकाचंसुद्धा.

मशीन थांबलं नाही. एक कड पूर्ण करून तिने दोरा तोडला.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “त्यांनी नंतर शाळेत मला विचारलं. तुझं पत्र दाखवलं. अक्षर किती सुंदर काढलं होतंस.”

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

“म्हटलं, भाऊ म्हणतो ते खरं आहे. आईला टाकून कुठे जाणार होते? मीही तेच उत्तर दिलं असतं, छोट्या. पण ते मला द्यायचं होतं.”

इतकं बोलून तिने दुसरी कड घेतली. बावीस वर्षं तिने माझ्या ताटात वाढलं होतं, हे ठाऊक असताना. मी म्हटलं, तू कधी बोलली का नाहीस. ती म्हणाली, बोलले असते तर तुला घरात राहणं जड गेलं असतं, आणि मला एकटीने आईला उचलता येत नव्हतं.

थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, “म्हणून या वेळी तुला विचारलं नाही. सांगितलं.”

२४ एप्रिल, गुरुवार

ताई मला भात शिकवते आहे. तांदळाच्या दुप्पट पाणी. तीनदा केला. पहिला करपला, दुसऱ्याची पेज झाली, तिसरा मेकॅनिकांनी खाल्ला आणि काही बोलले नाहीत. त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न आहे. भावोजी म्हणायला जीभ वळत नाही, मेकॅनिक म्हणणं बरं दिसत नाही. सध्या मी त्यांच्या जवळ जाऊन बोलतो, म्हणजे हाक मारावी लागत नाही.

काल त्यांच्या दुकानात गेलो होतो. पडदे लावून झाले आहेत. खिडकीला दोन, दाराला एक, आणि चौथा मागच्या खोलीत कपाटाला. मागच्या खोलीच्या भिंतींना नवा रंग दिला आहे. रंग त्यांनी ताईला विचारून निवडला. मला कळलं की ताई इथे राहायला येणार, म्हणजे आमच्या घरापासून एकशे चाळीस पावलांवर. येताना मोजली.

राग गेला आहे का, असं स्वतःला विचारलं. गेलेला नाही. पण कोणावर आहे ते आता स्पष्ट आहे.

९ मे, शुक्रवार

नोंदणी कार्यालयात अकराची वेळ होती. महिनाभर त्यांची नोटीस तिथल्या भिंतीवर लावलेली होती, कोणाची हरकत असल्यास कळवावी म्हणून. मी दोनदा जाऊन वाचून आलो होतो. दोघांची नावं, वयं, पत्ते. एकही चूक नव्हती.

ताईने राखाडी साडी नेसली होती. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चष्म्याची दोरी नवी होती. साक्षीदार तीन, मी, त्यांच्या दुकानाशेजारच्या किल्लीवाल्याची बायको आणि आमच्या छापखान्याचा वायरमन. मीटर परत द्यायला गेलो तेव्हा त्याला सगळं सांगावं लागलं होतं. तो हसला नाही.

कारकून तरुण होता आणि कंटाळलेला. रजिस्टर उघडून, वर न बघता, त्याने एका दमात म्हटलं, या विवाहास कोणाची हरकत आहे का. आणि उत्तराची वाट न बघता पान उलटायला बोट ओलं केलं.

“नाही,” मी म्हणालो.

त्याने वर बघितलं. म्हणाला, काका, उत्तर द्यायचं नसतं, गप्प राहिलं तरी धरून चालतात.

मी म्हटलं, “मी वधूचा भाऊ आहे. माझी हरकत नाही, असं तुमच्या नोंदीत लिहून घेता येईल का?”

तो म्हणाला, त्यासाठी रकाना नाही. हरकत असली तरच रकाना आहे.

ताई माझ्याकडे बघत होती. ती रडत नव्हती, ती कार्यालयात वगैरे रडणारी नाही. तिने रजिस्टर स्वतःकडे ओढून सही केली, मग त्यांनी केली. पेन माझ्याकडे आलं तेव्हा मी साक्षीदाराच्या ओळीत सही केली आणि समासात, बारीक अक्षरात, लिहिलं: हरकत नाही.

कारकून म्हणाला, समासात लिहायचं नसतं. पण तोवर शाई वाळली होती.